टॅगयुक्त पॉइंटर आणि प्रक्रियांचा मागोवा : लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांचे चिकित्सक वाचन

सारांश

चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरमध्ये पॉइंटरच्या वरच्या बिटांत पत्त्याशी संबंध नसलेली माहिती, म्हणजेच टॅग, ठेवण्याची सोय आता रूढ झाली आहे. एका प्रक्रियेने दुसऱ्या प्रक्रियेची स्मृती वाचावयाची असेल, तेव्हा हा टॅग कोणाच्या नियमाने काढावयाचा, असा प्रश्न निर्माण होतो. या संदर्भात लिनक्स कर्नलचे अधिकृत दस्तऐवज आणि त्यांच्या अनुषंगाने झालेले बदल यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हे दस्तऐवज नेमके आहेत, परंतु 'पत्ता वापरणारी आणि पत्त्याची मालक असलेली प्रक्रिया एकच' या अव्यक्त गृहीतकावर ते उभे आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात स्मृतीचा पत्ता ही संकल्पना बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : पत्ता म्हणजे एक संख्या. ही व्याख्या चुकीची नाही, पण आज ती अपुरी आहे. चौसष्ट बिटांच्या पॉइंटरपैकी प्रत्यक्ष पत्त्यासाठी बहुतेक प्रणालींत ४८ बिट वापरले जातात. उरलेल्या बिटांपैकी काहींत आज्ञावली स्वतःची नोंद ठेवू शकते. आलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यात कार्यालयाने आवक क्रमांक लिहावा, तसा हा प्रकार आहे. तो क्रमांक कार्यालयाच्या उपयोगाचा असतो आणि पोस्टमनने तो पत्त्याचा भाग मानू नये, एवढीच अपेक्षा असते.

आज्ञावली, प्रोसेसर आणि कर्नल या तिघांनीही हा संकेत पाळला तर अडचण येत नाही. परंतु कार्यप्रणालीत एक प्रसंग असा आहे की जेथे पाकीट एका कार्यालयाचे असते आणि ते उघडणारे कार्यालय दुसरेच असते. तो प्रसंग म्हणजे प्रक्रियेचा मागोवा. डीबगरसारखी एक प्रक्रिया दुसरीला थांबवते, तिचे रजिस्टर वाचते, तिची स्मृती तपासते आणि प्रसंगी बदलते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून (१९७५) ही सोय 'पीट्रेस' या नावाने उपलब्ध आहे. या लेखात मागोवा घेणाऱ्या प्रक्रियेस 'निरीक्षक' आणि जिचा मागोवा घेतला जातो तिला 'निरीक्षित' असे म्हटले आहे.

२. रिकाम्या बिटांचा पूर्वेतिहास

पत्त्यातील न वापरलेली जागा व्यापण्याची प्रवृत्ती जुनी आहे. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम/३६० मध्ये पत्ता २४ बिटांचा होता आणि शब्द ३२ बिटांचा. उरलेल्या आठ बिटांत प्रोग्रामर आपले संकेत ठेवीत. पुढे १९८३ मध्ये ३१ बिटांचे पत्ते आले, तेव्हा जुन्या आज्ञावलींसाठी २४ बिटांची पद्धत कायम ठेवणे भाग पडले. अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही हेच घडले. मोटोरोला ६८००० प्रोसेसर पत्त्याचे वरचे आठ बिट बाहेर पाठवीत नसे. म्हणून स्मृती-व्यवस्थापकाने त्यांत स्वतःच्या खुणा ठेवल्या. १९९१ च्या सिस्टीम ७ ने ३२ बिटांचे पत्ते स्वीकारले आणि त्या खुणांवर विसंबलेल्या आज्ञावली अडचणीत आल्या.

या दोन्ही उदाहरणांत रिकामी जागा वापरली गेली, पण त्या वापराचा करार लिहिला गेला नाही. आर्मच्या चौसष्ट बिटांच्या रचनेने मात्र पत्त्यातील सर्वांत वरची बाइट दुर्लक्षित करण्याची सोय अधिकृतपणे दिली आणि लिनक्सने तिच्यासंबंधीचा करार लेखी स्वरूपात मांडला. त्यामुळे या कराराची चिकित्सा एखाद्या ग्रंथाच्या चिकित्सेइतक्याच गांभीर्याने करणे उचित ठरते.

३. दोन दस्तऐवज, दोन भूमिका

कर्नलच्या आर्म-६४ विभागात या विषयावरील दोन मूलभूत दस्तऐवज आहेत. पहिला विल डीकन यांचा असून त्यावर १२ जून २०१३ ही तारीख आहे. दुसरा व्हिन्सेंझो फ्रास्चिनो आणि कॅटालिन मारिनास यांचा असून तो २१ ऑगस्ट २०१९ चा आहे. पहिल्याची भूमिका सावधगिरीची आहे. वापरकर्त्याने आपल्या पॉइंटरमध्ये टॅग ठेवावा, परंतु कर्नलकडे पॉइंटर सोपवताना वरची बाइट शून्य असावी, असा त्याचा आशय आहे. टॅग ही वापरकर्त्याची खासगी बाब आहे आणि कर्नलच्या उंबरठ्याबाहेर ती उतरवून ठेवावी, असे हा दस्तऐवज मानतो.

दुसरा दस्तऐवज लिनक्स ५.४ (नोव्हेंबर २०१९) बरोबर आलेल्या बदलाचे वर्णन करतो. तो दोन प्रकारांत फरक करतो. कर्नल केवळ पत्त्यांची व्यवस्था पाहतो, म्हणजे एखाद्या भागाचे संरक्षण बदलतो, हा पहिला प्रकार. येथे टॅगयुक्त पॉइंटर साधारणतः चालतो. कर्नल त्या पत्त्यावरील मजकूर स्वतः वाचतो किंवा लिहितो, हा दुसरा प्रकार. येथे आज्ञावलीच्या थ्रेडने 'पीआरसीटीएल' या सिस्टीम कॉलद्वारे परवानगी स्पष्टपणे मागितली पाहिजे. अपवादांची यादीही दिलेली आहे. 'बीआरके', 'एममॅप' आणि 'एमरीमॅप'चा नवा पत्ता हे अपवाद लिनक्स ५.६ (२०२०) पासून आले. कर्नलने या कॉलमध्ये टॅग गुपचूप काढल्यास एकाच जागेला दोन नावे मिळण्याचा धोका होता, हे त्यामागील कारण.

या दस्तऐवजाचा गुण असा की तो 'वैध टॅगयुक्त पॉइंटर' म्हणजे काय, याची व्याख्या देतो. मर्यादाही त्याच व्याख्येत आहे. प्रक्रियेने स्वतः मिळविलेली अथवा तिच्या निर्मितीच्या वेळी कर्नलने तिला दिलेली स्मृती, असा तिचा रोख आहे. 'स्वतः' हा शब्द येथे निर्णायक आहे. निरीक्षक जो पत्ता कर्नलला देतो, तो त्याने स्वतः मिळविलेला नसतो. निरीक्षिताच्या रजिस्टरमधून उचललेला तो पत्ता असतो आणि त्यावरील टॅग निरीक्षिताच्या आज्ञावलीने लावलेला असतो. अपवादांच्या यादीत 'पीट्रेस' नाही आणि व्याख्येतही ते नीट बसत नाही.

४. टॅग केव्हा काढावयाचा ?

यावर एक सोपा उपाय सुचतो. कर्नलच्या प्रवेशद्वारावरच सर्व पॉइंटरांचे टॅग काढून टाकावेत, म्हणजे आत कोणालाही चिंता उरणार नाही. हा उपाय टिकत नाही आणि मागोव्याच्या संदर्भात तर तो अपायकारक ठरतो. प्रवेशद्वारावर कर्नलला फक्त रजिस्टरमधील संख्या दिसतात. त्यांपैकी पॉइंटर कोणता आणि साधी संख्या कोणती, हे त्याला तेथे ठरवता येत नाही.

'पीट्रेस'च्या स्मृती-लेखनाच्या विनंतीत दोन संख्या असतात : कोठे लिहावयाचे तो पत्ता आणि काय लिहावयाचे ते मूल्य. पत्त्यावरील टॅग काढणे आवश्यक आहे, कारण कर्नल आपल्या नोंदींत त्या पत्त्याचा भाग शोधतो आणि त्या नोंदी टॅगविरहित असतात. परंतु लिहावयाचे मूल्य हेही पॉइंटर असू शकते. त्यावरील टॅग काढल्यास निरीक्षिताच्या स्मृतीत बदललेला पॉइंटर जाऊन बसेल आणि पुढे त्याची आज्ञावली कोलमडेल. तोच न्याय रजिस्टरांना लागू होतो. निरीक्षिताची रजिस्टरे निरीक्षकाला जशीच्या तशी दिसली पाहिजेत.

यावरून पहिले तत्त्व हाती येते : टॅग काढावयाचा तो पॉइंटर पत्ता म्हणून वापरण्याच्या क्षणी; मूल्य म्हणून त्याची ने-आण होत असताना कधीही नाही. लिनक्सने प्रत्यक्षात हेच धोरण स्वीकारले आणि दुसऱ्याची पृष्ठे मिळविणाऱ्या अंतर्गत मार्गातच टॅग काढण्याची व्यवस्था केली. खेदाची बाब एवढीच की हे तत्त्व दस्तऐवजात तत्त्व म्हणून मांडलेले नाही, ते संहितेतून शोधावे लागते.

टॅग काढण्याची क्रियाही वाटते तितकी निरागस नाही. वरची बाइट सरसकट शून्य केल्यास कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यांचे रूप बिघडते, कारण त्या पत्त्यांत वरचे बिट एक असतात. आर्म-६४ मध्ये पंचावन्न क्रमांकाचा बिट वापरकर्त्याचा भाग आणि कर्नलचा भाग यांतील सीमा दाखवतो. म्हणून टॅग काढणारे सूत्र त्या बिटाकडे पाहते. वापरकर्त्याच्या पत्त्याचा टॅग ते काढते आणि कर्नलचा पत्ता जसाच्या तसा ठेवते. सुरक्षिततेच्या दृष्टीने या एका बिटाचे मोल मोठे आहे. टॅग काढण्याच्या प्रयत्नात कर्नलचा पत्ता वापरकर्त्याच्या पत्त्यासारखा दिसू लागला, तर सीमारेषाच पुसली जाईल.

५. चुकीची साक्ष : २०१७ ची दुरुस्ती

टॅग काढण्याचे राहून गेल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण २०१७ मधील एका दुरुस्तीत सापडते. डीबगर प्रोसेसरला एखाद्या पत्त्यावर पहारा ठेवण्यास सांगू शकतो. त्या जागेला कोणी स्पर्श केला की प्रोसेसर थांबतो आणि स्पर्श झालेला पत्ता कळवतो. कर्नल तो पत्ता पहाऱ्यांच्या यादीशी ताडून कोणता पहारा जागा झाला, हे ठरवतो. यादीतील पत्ते टॅगविरहित असत. प्रोसेसरने कळवलेला पत्ता मात्र, आज्ञावलीने टॅगयुक्त पॉइंटर वापरला असल्यास, टॅगसह येई. तुलना चुके आणि कर्नल भलताच पहारा जागा झाल्याचे कळवू शके.

या दोषाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. आज्ञावली बंद पडली नाही, त्रुटीचा संकेतही आला नाही. डीबगरला उत्तर मिळाले, पण ते असत्य होते. मागोव्याची सारी यंत्रणा सत्यशोधनासाठी उभारलेली असते. तिने मौन पाळले तर शोधक अन्य मार्ग धरतो. तिने खोटी साक्ष दिली तर तो आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला जातो. मागोव्यातील टॅगचा प्रश्न गौण मानता येत नाही, तो या कारणाने.

६. मास्क कोणाचा ?

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे. टॅग कोणत्या बिटांत असतो, याचा नियम संपूर्ण यंत्रासाठी एकच आहे, असे आपण मानले. आर्म-६४ मध्ये आणि स्पार्कमध्ये ते खरे होते. त्यामुळे टॅग निरीक्षकाच्या नियमाने काढला काय किंवा निरीक्षिताच्या नियमाने काढला काय, फलित एकच येई. गृहीतक चुकीचे असूनही उत्तर बरोबर येत होते आणि म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

लिनक्स ६.४ (२०२३) मध्ये इंटेलच्या 'लिनियर अ‍ॅड्रेस मास्किंग', संक्षेपाने 'लॅम', या सोयीस आधार मिळाला आणि हे गृहीतक उघडे पडले. 'लॅम'मध्ये ५७ ते ६२ या सहा बिटांत टॅग ठेवता येतो. ६३ वा बिट मात्र सीमादर्शक म्हणून राखून ठेवलेला आहे. ही सोय प्रत्येक प्रक्रियेने स्वतंत्रपणे चालू करावयाची असते. अर्थात एकाच यंत्रावर एका प्रक्रियेचा मास्क एक आणि दुसरीचा दुसरा असू शकतो.

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. निरीक्षकाने 'लॅम' चालू केलेले नाही आणि निरीक्षिताने केले आहे, असे समजू. कर्नलने निरीक्षकाचा मास्क लावला तर टॅग तसाच राहील, पत्ता सापडणार नाही आणि वैध स्मृती अवैध ठरेल. आता उलट स्थिती घेऊ. निरीक्षकाचे 'लॅम' चालू आहे आणि निरीक्षिताचे बंद. निरीक्षिताने तो पॉइंटर स्वतः वापरला असता तर प्रोसेसरने तो नाकारला असता. परंतु निरीक्षकाच्या मास्कने टॅग निघून जाईल आणि वाचन यशस्वी होईल. डीबगर सांगेल की पॉइंटर निर्दोष आहे, आणि प्रत्यक्षात आज्ञावली त्याच पॉइंटरमुळे बंद पडलेली असेल. दुसरी चूक पहिलीपेक्षा घातक आहे, कारण पहिली निदान नकार तरी देते.

या बदलाच्या वेळी कर्नलमध्ये 'अनटॅग्ड अ‍ॅड्रेस रिमोट' या आशयाचे नवे सहायक फलन आले. जुने फलन केवळ चालू प्रक्रियेच्या पत्त्यांसाठी उरले. नवे फलन लक्ष्य प्रक्रियेचा स्मृती-आराखडा मागते, त्या प्रक्रियेचाच मास्क लावते आणि त्या आराखड्याचे कुलूप आधी घेतलेले असावे, अशी अट घालते. दुसरे तत्त्व येथे स्पष्ट होते : पॉइंटरचा अर्थ ज्या प्रक्रियेच्या स्मृतीत तो लागू आहे तिच्या नियमाने लावावयाचा, विचारणाऱ्याच्या नियमाने नव्हे. याच बदलांत प्रत्येक प्रक्रियेच्या 'प्रॉक' स्थितिपत्रकात तिचा मास्क दाखविणारी ओळ समाविष्ट झाली. त्यामुळे निरीक्षकाला निरीक्षिताचा नियम बाहेरून वाचता येऊ लागला.

७. टॅग काढणे आणि टॅग तपासणे

आर्मच्या 'मेमरी टॅगिंग एक्स्टेन्शन' (एमटीई) या सोयीने प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. येथे टॅग केवळ पॉइंटरवर नसतो, स्मृतीच्या प्रत्येक १६ बाइटांच्या कणिकेलाही चार बिटांचा टॅग असतो. दोन्ही जुळले तरच व्यवहार वैध ठरतो. चार बिटांच्या १६ किमती होतात. म्हणून टॅग यदृच्छया दिलेले असल्यास चुकीचा पॉइंटर निसटण्याची शक्यता साधारणतः सोळात एक असते. लिनक्सने ५.१० (डिसेंबर २०२०) मध्ये वापरकर्त्याच्या आज्ञावलींसाठी या सोयीस आधार दिला.

या सोयीच्या दस्तऐवजाने मागोव्याचा विचार आरंभापासून केला, ही बाब अभिनंदनीय आहे. निरीक्षिताच्या स्मृतीचे टॅग वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी 'पीट्रेस'मध्ये दोन स्वतंत्र विनंत्या दिल्या आहेत. कोणता पत्ता कोणाच्या अवकाशातील आहे, हे तेथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे : टॅगांची साठवण निरीक्षकाच्या अवकाशात आणि तपासावयाचा पत्ता निरीक्षिताच्या अवकाशात. त्रुटींचे संकेतही वेगवेगळे आहेत. मागोवा घेण्याची परवानगी नसणे, पत्ता न सापडणे, निरीक्षकाच्या साठवणीत लिहिता न येणे आणि त्या स्मृतीला टॅगच नसणे, या चार स्थिती निरनिराळ्या ओळखता येतात. २०१९ च्या दस्तऐवजात जे सुटले, ते येथे भरून निघाले आहे.

तरीही एक सूक्ष्म मुद्दा वाचकाला स्वतःच जाणून घ्यावा लागतो. निरीक्षक साध्या विनंतीने निरीक्षिताची स्मृती वाचतो, तेव्हा कर्नल पॉइंटरवरील टॅग काढतो आणि ते पृष्ठ आपल्या स्वतःच्या नकाशातून वाचतो. निरीक्षिताच्या पॉइंटरवरील टॅग आणि स्मृतीचा टॅग यांची तुलना या वाटेवर होत नाही. म्हणजे यशस्वी वाचन हा पॉइंटर वैध असल्याचा पुरावा नव्हे. तुलना हवी असल्यास डीबगरने टॅग स्वतंत्रपणे मागवून ती स्वतः केली पाहिजे. २०२१ मधील जीडीबीच्या अकराव्या आवृत्तीत टॅग दाखविणाऱ्या व तपासणाऱ्या आज्ञा आल्या, त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. हे वर्तन सदोष आहे असे म्हणता येणार नाही. निरीक्षकाला बिघडलेली स्मृतीही पाहता आली पाहिजे. परंतु टॅग 'काढणे' आणि 'तपासणे' या दोन भिन्न क्रिया आहेत, हे दस्तऐवजाने स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक होते.

८. नियम बदलण्याचा अधिकार

निरीक्षिताचा नियम वाचणे वेगळे आणि तो बदलणे वेगळे. येथे दोन रचनांच्या भूमिका परस्परविरुद्ध आहेत. आर्म-६४ मध्ये टॅगविषयक परवानगी थ्रेडनिहाय असते आणि रजिस्टर-संच वाचण्या-लिहिण्याच्या 'पीट्रेस' विनंतीद्वारे निरीक्षक ती पाहू शकतो, तशीच बदलूही शकतो. 'लॅम'मध्ये मास्क संपूर्ण स्मृती-आराखड्याचा असतो, आणि दुसऱ्या प्रक्रियेसाठी तो बाहेरून चालू करण्याची विनंती कर्नल नाकारतो.

आर्मच्या बाजूने असे म्हणता येईल की ज्या निरीक्षकाला निरीक्षिताचे प्रत्येक रजिस्टर बदलता येते, त्याला एवढी एक गोष्ट नाकारून काय साधणार ? हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र रजिस्टर बदलणे म्हणजे एक मूल्य बदलणे, तर टॅगचा नियम बदलणे म्हणजे सर्व मूल्यांचा अर्थ बदलणे. प्रस्तुत लेखकास 'लॅम'ची कठोरता अधिक ग्राह्य वाटते, कारण चालू प्रक्रियेचा मास्क मध्येच बदलल्यास आधीच वाटेत असलेल्या पत्त्यांचा अर्थ संदिग्ध होतो.

अर्थात 'लॅम'ची वाटही निष्कंटक नाही. ॲम्स्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'स्लॅम' हा हल्ला प्रसिद्ध केला. प्रोसेसरच्या अनुमानित अंमलबजावणीत अशा शिथिल पत्त्यांचा गैरवापर कसा होऊ शकतो, हे त्यातून दिसले. परिणामी २०२४ मध्ये लिनक्सने संरक्षक उपायांसह बांधल्या जाणाऱ्या सर्वसाधारण कर्नलमधून 'लॅम' वगळले. पत्त्याचा नियम सैल करण्याची किंमत कोठे चुकवावी लागेल, हे आरंभी सांगता येत नाही, असाच याचा अर्थ आहे.

९. एक संभाव्य आक्षेप

हे दस्तऐवज सामान्य आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी आहेत, कर्नल किंवा डीबगर लिहिणाऱ्या मोजक्या तज्ज्ञांसाठी नाहीत. त्यांत मागोव्याची अपेक्षा धरणे अनाठायी आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. तथापि अँड्रॉइड ११ (२०२०) पासून चौसष्ट बिटांच्या आर्म उपकरणांवर हीप स्मृतीच्या पॉइंटरना टॅग लावले जाऊ लागले. तेव्हापासून टॅग ही प्रयोगशाळेतील वस्तू राहिलेली नाही. दोषनिदान करणारी, प्रक्रियांवर पहारा ठेवणारी किंवा बंद पडलेल्या आज्ञावलीची स्मृती जतन करणारी प्रत्येक साधनप्रणाली परक्या पॉइंटरशी व्यवहार करते. तिच्या लेखकाला कराराचा हा भाग संहितेच्या इतिहासातून शोधावा लागणे इष्ट नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

अ) टॅग पॉइंटरच्या पत्ता म्हणून होणाऱ्या वापराच्या क्षणीच काढला जावा, रजिस्टर आणि स्मृतीतील मूल्ये टॅगसह अबाधित राहावीत.

आ) टॅग काढताना निरीक्षिताचाच नियम लागू करावा आणि त्याचा स्मृती-आराखडा त्या वेळी कुलूपबंद असावा.

इ) टॅग काढताना वापरकर्ता व कर्नल यांच्यातील सीमादर्शक बिट अबाधित राहावा.

ई) यशस्वी वाचन म्हणजे टॅगची पडताळणी नव्हे, हे दस्तऐवजांत स्पष्टपणे नमूद व्हावे.

उ) परक्या प्रक्रियेच्या पॉइंटरची स्वतंत्र व्याख्या २०१९ च्या दस्तऐवजात समाविष्ट व्हावी.

यांपैकी पहिली तीन तत्त्वे कर्नलच्या संहितेत आज प्रत्यक्षात आलेली आहेत. शेवटच्या दोन बाबी शब्दांच्या आहेत आणि त्या शब्दांनीच पूर्ण होऊ शकतात. कार्यप्रणालीचे अध्यापन करणाऱ्यांच्या दृष्टीनेही यात एक सूचना आहे. पत्ता म्हणजे एक संख्या, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यावर ती संख्या कोणाच्या नियमाने वाचावयाची, हा पुढचा प्रश्नही त्याच तासाला विचारला गेला पाहिजे.